नाकतोड्याची मांडी

दिवाळीच्या तोंडावर आमच्या आळीतली मुले किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, आणि हळीव बोटभर वाढले की एखादा नाकतोडा बिनभाड्याने तेथे राहायला येतो. भाषेचा मास्तर असल्याने मला त्याच्या नावाचे नेहमी नवल वाटते. ह्या प्राण्याने कोणाचे नाक तोडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. नाव ठेवायचेच होते, तर मांडीवरून ठेवायचे; कारण त्याची सारी दौलत मागच्या दोन मांड्यांत आहे.

पुढचे चार पाय चालायला आणि पानाची कड धरायला. मागची मांडी मात्र पैलवानाची, आणि नडगी काडीसारखी लांब, काटेरी. मांडीत जोर आहे, तेव्हा दिला झटका की झाली उडी, असे आपल्याला वाटते. गंमत अशी की, त्या स्नायूला जोर पुष्कळ असला तरी चपळाई नाही. जमीन सोडताना पायाला मिळतो सेकंदाचा जेमतेम तिसावा भाग. तेवढ्यात एवढे काम त्याच्याने व्हायचे नाही. म्हणून नाकतोडा गलोलीसारखे आधी ताणून ठेवतो.

तो नडगी मांडीशी घट्ट मिटतो. मग पाय उघडणारा थोरला स्नायू आणि मिटून धरणारा धाकटा, दोघेही एकदमच ओढू लागतात. आणि जिंकतो धाकटा! बिजागरीपाशी जोर लावणाऱ्या पैलवानाला, कडी धरून बसलेले पोर दार उघडू देत नाही, तसाच हा प्रकार. पाय मिटलेला असताना धाकट्याची ओढ सांध्यापासून दूर पडते, थोरल्याची अगदी जवळ. मग थोरल्याचा सगळा जोर गुडघ्याजवळच्या चंद्रकोरीसारख्या दोन चिवट पट्ट्या वाकवण्यात आणि स्वतःचा बंध ताणण्यात जातो. अर्ध्या सेकंदात ही बेगमी पुरी होते. धाकट्याने हात सोडला की पाय ताडकन उघडतो.

बेनेट-क्लार्क ह्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञांनी १९७५ साली हे सारे वाळवंटी टोळावर मोजून दाखवले. (२०२० मध्ये विदर्भात उतरला तो हाच टोळ, नाकतोड्याच्याच भावकीतला.) टोळाचे वजन दोन-तीन ग्रॅम, आणि एका पायातल्या थोरल्या स्नायूची ओढ दीड किलोच्या भाराएवढी. हे वाचल्यापासून मंडईतून पिशवी आणताना मी घरच्या मंडळींपुढे कुरकुर करीत नाही.

एवढा मोलाचा पाय, पण जिवावर बेतले तर तो टाकूनही देतो. श्रावणात भाचा आला होता. त्याने नाकतोडा पायाला धरला. नाकतोडा गेला, पाय चिमटीत राहिला. पोराचा चेहरा उतरला. म्हणाला, “मामा, पालीच्या शेपटीसारखा परत येईल ना?”

येत नाही. मांडीच्या मुळाशी तुटण्याची जागा ठरलेली असते, तेथे जखम लवकर मिटते आणि जीव वाचतो. पण मागचा पाय पुन्हा फुटत नाही, आणि एका पायाची उडी तोकडी पडते. मी त्याला ते तसेच सांगितले. नाकतोडा पायाला धरू नये, धरायचाच तर पाठीकडून, अंगाला, दोन बोटांत अगदी हलके धरावा, हेही सांगितले.