शिष्यवृत्तीआधी वेळापत्रक जुळवा

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी ‘खेलो भारत नीती’ला मान्यता दिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशी क्रीडाविकासाची सांगड घालणे हे या नीतीचे एक घोषित सूत्र आहे. त्यानंतर दहाच दिवसांनी इंडियन सुपर लीगचा नवा मोसम स्थगित ठेवल्याचे आयोजकांनी क्लबांना कळवले आणि पुढील काही आठवड्यांत देशातील काही नामांकित क्लबांनी खेळाडूंचे वेतन रोखले. पहिल्या घटनेने खेळाडूला शिक्षणाचे आश्वासन दिले. दुसऱ्या घटनेने ते आश्वासन किती निकडीचे आहे हे दाखवून दिले. फुटबॉलला २०१२ मध्ये राज्यखेळाचा दर्जा देणाऱ्या गोव्याने या दोन्ही घटना एकत्र वाचणे आवश्यक आहे. मैदानावरील कारकीर्द एका करारभंगाने किंवा गुडघ्याच्या एका दुखापतीने संपू शकते. त्या दिवशी हाती पदवी असणे आणि नसणे, यात आयुष्याचे अंतर पडते.

हे अंतर पेडणे आणि डिचोली तालुक्यांत अधिक जाणवते. गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ मध्ये, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांच्यासोबत, बार्देशातील शिवोलीत. शिवोलीसमोर शापोरा नदी ओलांडली की पेडणे तालुका लागतो. तरीही हा खेळ पुढील काळात प्रामुख्याने चर्च आणि चर्चच्या शाळांच्या आधाराने बार्देश, तिसवाडी व सासष्टीत रुजला. नव्या काबिजादीतील तालुक्यांना ती संस्थात्मक चौकट लाभली नाही. येथील मुलांनी खेळ उचलला तो गावच्या मैदानावर, पावसाळा सरल्यानंतरच्या मोकळ्या शेतात आणि शाळेतील एखाद्या तळमळीच्या शारीरिक शिक्षण शिक्षकाच्या जिवावर.

डिचोलीला खाणींनी एक वेगळी वाट दाखवली. सेसा गोवा कंपनीने १९९९ मध्ये सुरू केलेल्या फुटबॉल अकादमीने साखळीत मुलांच्या निवासाची, प्रशिक्षणाची आणि शालेय शिक्षणाची एकत्र सोय केली. खेळ आणि शाळा एकाच दिनक्रमात बसू शकतात, हे तिने सिद्ध केले. मात्र निवासी अकादमीत मोजक्याच मुलांना जागा मिळते. शिवाय खासगी आश्रयावर सारी भिस्त ठेवता येत नाही, हेही याच तालुक्याने पाहिले आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा अनेक घरांचे उत्पन्नच आटले. २०१६ मध्ये, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या लीग पुनर्रचनेला विरोध करीत, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. गोमंतकीय तरुणाला पगारी खेळाडू म्हणून घराजवळ उभे राहण्याच्या जागा त्यामुळे कमी झाल्या.

सरकारी मदत मुळीच नाही असे नव्हे. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, आठ वर्षे खर्च करण्याची तरतूद जाहीर झाली. त्यात दरमहा १० हजार रुपयांचा हातखर्च धरलेला आहे. परंतु ही योजना राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्यांसाठी आहे. दुसऱ्या टोकाला, दहावी-बारावीच्या निकालात गोवा शालान्त मंडळ क्रीडागुण देते आणि त्यांच्या बळावर काही विद्यार्थी उत्तीर्णही होतात. या दोन टोकांच्या मधला खेळाडू मात्र उपेक्षित राहतो. विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालयात किंवा साखळीच्या शासकीय महाविद्यालयात शिकणारा, संध्याकाळी क्लबकडून खेळणारा आणि भारताच्या संघात बहुधा कधीच न जाणारा हा मुलगा आहे. गोव्याच्या लीगचा पाया अशाच मुलांवर उभा आहे.

त्याची पहिली अडचण पैशांची नसून दिवसांची आहे. एका सत्रात साधारण ९० अध्यापनदिन धरले आणि ७५ टक्के हजेरीचा दंडक लावला, तर विद्यार्थ्याला फार तर २२ दिवस गैरहजर राहता येते. त्यात आजारपण आले, चतुर्थीत गावी थांबणे आले. गोवा विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी राजस्थान वा मध्य प्रदेशात गेला, तर सराव शिबिर आणि प्रवास धरून दहा-बारा दिवस सहज जातात. गोवा फुटबॉल संघटनेच्या लीगचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी ठेवले, तर तेवढेच दिवस आणखी लागतात. मडगावकडील महाविद्यालयातला मुलगा दोन तास बुडवून फातोर्ड्याला पोहोचतो. पेडण्याच्या मुलाला साठेक किलोमीटर जाऊन तेवढेच परत यायचे असते. त्याचा अख्खा दिवस जातो आणि सामना लांबला तर शेवटची बसही. अभ्यासक्रम एक, हजेरीचा नियमही एक. पण तो पाळण्याची किंमत तालुक्यागणिक बदलते.

खेळ आणि अभ्यास यांच्या वेळापत्रकाचा हा पेच अमेरिकेतील काही विद्यापीठांनी फार पूर्वी ओळखला. तेथील फुटबॉल हा वेगळा खेळ आहे. प्रश्न मात्र तोच आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसह आठ विद्यापीठांच्या आयव्ही लीगने १९५४ च्या करारान्वये खेळासाठी शिष्यवृत्ती देणे नाकारले. मदत मिळते ती कुटुंबाच्या आर्थिक गरजेनुसार. त्याचबरोबर या लीगने मोसमाला दहा सामन्यांची मर्यादा घातली आणि परीक्षांच्या तोंडावर येणाऱ्या राष्ट्रीय बाद फेरीपासून आपले संघ दशकानुदशके दूर ठेवले. हा निर्बंध २०२५ च्या मोसमापासून उठला. त्याच परंपरेत १९८६ मध्ये उभ्या राहिलेल्या पॅट्रियट लीगनेही आरंभी फुटबॉलसाठी शिष्यवृत्ती वर्ज्य मानली होती. स्पर्धेत टिकण्यासाठी २०१३ पासून तिने ती खुली केली. पैशांच्या बाबतीत या दोन लीग वेगळ्या वाटांनी गेल्या. परंतु खेळाडू हा प्रथम विद्यार्थी आहे आणि सामन्यांची आखणी त्याच्या अभ्यासक्रमाला अनुसरून व्हावी, या तत्त्वावर त्यांची उभारणी झाली.

भारतातही निवडक प्रवेशाच्या संस्था हळूहळू दार उघडत आहेत. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन अतिरिक्त जागा ठेवल्या, त्यांतील एक मुलींसाठी. जेईई अ‍ॅडव्हान्स्डची पात्रता मात्र कायम ठेवली. गुणवत्ता न घसरवता खेळाला मान देता येतो, याचे हे उदाहरण आहे. गोव्यातील व्यावसायिक महाविद्यालयांना ते विचारात घेण्याजोगे आहे.

यावर प्राध्यापकवर्गाचा आक्षेप रास्त आहे. खेळाच्या नावाखाली हजेरी माफ करण्याची पद्धत पडली की प्रमाणपत्रांचा बाजार भरतो आणि पदवी पोकळ होते. म्हणूनच सवलतीपेक्षा नियोजन श्रेयस्कर ठरते. विद्यापीठ, गोवा फुटबॉल संघटना आणि क्रीडा प्राधिकरण यांनी जूनमध्ये एकत्र बसून वर्षाचे सामाईक वेळापत्रक प्रसिद्ध केले, तर निम्मा गुंता सुटेल. सत्रान्त परीक्षांचे आठवडे सामनामुक्त ठेवावेत. महाविद्यालयीन खेळाडू ज्या वयोगटांत अधिक आहेत, त्यांचे सामने शनिवार-रविवारी घ्यावेत. प्राथमिक फेऱ्या विभागवार झाल्या, तर पेडणे, डिचोली आणि सत्तरीच्या मुलांना म्हापशापलीकडे जाण्याची वेळ क्वचितच येईल. आजची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ही विद्यापीठाचा संघ निवडण्याची पायरी आहे. तिचे मोसमभर चालणाऱ्या छोट्या लीगमध्ये रूपांतर झाले, तर खेळाडूला नियमित सामने मिळतील आणि अभ्यासाची घडीही बसेल.

नवे शैक्षणिक धोरण यासाठी अनुकूल आहे. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक, ते साठवण्यासाठी श्रेयांक बँक आणि मध्येच थांबून पुन्हा प्रवेश घेण्याची मुभा, ही रचना जणू खेळाडूसाठीच आहे. एखाद्या मुलाला परराज्यातील क्लबकडून एका मोसमाचे बोलावणे आले, तर त्याला ‘शिक्षण सोडलेला’ न ठरवता ‘थांबलेला’ ठरवता येईल. त्यासाठी महाविद्यालयाने त्याला ही वाट प्रवेशाच्या वेळीच समजावून सांगितली पाहिजे.

शिष्यवृत्तीचा क्रम यानंतर येतो, आणि ती फार मोठी असण्याची गरज नाही. बसभाडे, बूट, सकस आहार आणि दुखापतीचा विमा एवढा भार राज्याने उचलला, आणि ती मदत कौटुंबिक उत्पन्न व सत्रातील उत्तीर्णता यांच्याशी जोडली, तर ती योग्य हाती पडेल. केवळ पैसे देऊन वेळापत्रक तसेच ठेवले, तर शिष्यवृत्ती घेणारा मुलगाच हजेरीअभावी परीक्षेला मुकेल. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी गोव्याने कोट्यवधी रुपयांच्या साधनसुविधा उभारल्या. सामाईक वेळापत्रकासाठी खर्च येतो तो एका बैठकीचा. पुढील मोसमाचे सामने जाहीर होण्यापूर्वी ती बैठक व्हायला हवी.