दुर्बीण डळमळते, तारा निसटतो

मुलांसाठी हौसेने आणलेली दुर्बीण चार दिवसांत माळ्यावर गेली, तर दोष बहुधा भिंगाचा नसतो. ती ज्यावर उभी असते त्या माउंटचा असतो. विकून टाकण्याआधी एवढे तपासावे, असे आम्ही सुचवतो.

पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. विषुववृत्तीय माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखला, तर एकच गुंडी फिरवत तो नजरेत ठेवता येतो. ठाणे-डोंबिवलीत ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 19 अंशांवर असतो. अक्षांशाची पट्टी 40 वर असेल तर ती 19 वर आणा.

इमारतींमुळे ध्रुव दिसत नसेल, तर मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका. स्लॅबमधले लोखंड त्याला फसवते. दुपारी उभ्या काठीची सावली सर्वांत आखूड होते, तेव्हा ती उत्तर-दक्षिण असते. तिथे गच्चीवर खडूने रेघ ओढून ठेवा.

नळी आपोआप झुकते का? पकड सैल करून पाहा. ज्या बाजूला ती कलेल, तिथले वजन जास्त आहे. प्रतिवजन सरकवून तोल साधा, मगच पकड आवळा. चित्र थरथरत असेल तर तिपाईचे पाय पूर्ण ताणू नका.

एक गोष्ट मात्र कडक पाळा: सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

तोल आणि दिशा जमली, की माळ्यावरच्या त्याच दुर्बिणीतून घरातली लहानगी शनीचे कडे पाहतील.