गोल्फ मॅनेजमेंटची पदवी घ्यायची? आधी इंटर्नशिपचे महिने मोजा

गोल्फ खेळून पोट भरता येणारे खेळाडू जगात मोजकेच. पण गोल्फचे मैदान चालवायला माणसे लागतात : खेळ शिकवणारा प्रशिक्षक, स्पर्धा भरवणारा व्यवस्थापक, हिरवळ राखणारा तज्ज्ञ आणि क्लबचा हिशेब सांभाळणारा. अमेरिकेत या कामांसाठी चक्क चार-साडेचार वर्षांची पदवी मिळते. गोल्फची आवड असलेल्या मुला-मुलींना ती खुणावते. मात्र भारतीय विद्यार्थ्याने प्रवेश घेण्यापूर्वी माहितीपत्रकातील मैदानाच्या फोटोंपेक्षा एक साधी बेरीज पाहायला हवी.

अभ्यासक्रम नेमका काय?

'पीजीए ऑफ अमेरिका' ही गोल्फ शिकवणाऱ्या आणि क्लब चालवणाऱ्या व्यावसायिकांची संघटना. टीव्हीवर दिसणारी 'पीजीए टूर' वेगळी. ती १९६८ मध्ये या संघटनेतून फुटून निघाली. संघटनेची मान्यता असलेला पहिला अभ्यासक्रम १९७५ मध्ये मिशिगनमधील फेरिस स्टेट विद्यापीठात सुरू झाला. पुढे मिसिसिपी स्टेट, पेन स्टेट, क्लेमसन अशा विद्यापीठांनी तो स्वीकारला.

वर्गातील शिक्षणाबरोबर गोल्फ क्लबमध्ये साधारण १६ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. शिवाय खेळाची परीक्षा असते. तिचे रूढ स्वरूप म्हणजे एका दिवसात ३६ होल. मैदानाच्या 'कोर्स रेटिंग'ची दुप्पट अधिक १५, एवढ्या फटक्यांत ते संपवायचे. रेटिंग ७१ असेल तर लक्ष्य १५७. म्हणजे नुसती आवड पुरत नाही, हात बसलेला लागतो.

पदवीच्या कागदावर काय असते?

नाव एक असले तरी पदवी सगळीकडे सारखी नाही. मिसिसिपी स्टेटमध्ये हा अभ्यासक्रम बिझनेसच्या मार्केटिंग पदवीला जोडलेला आहे. पेन स्टेटमध्ये तो मनोरंजन, उद्याने आणि पर्यटन व्यवस्थापनाच्या विभागात येतो. उद्या गोल्फमध्ये जम बसला नाही, तर मार्केटिंगची पदवी दुसरीकडेही चालते. त्यामुळे विद्यापीठाच्या नावाइतकेच विभागाचे नावही महत्त्वाचे.

खरी गोम व्हिसात

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंटर्नशिप करायची असेल तर 'सीपीटी' परवानगी लागते. पदवीनंतर वर्षभर काम करण्याची मुभा 'ओपीटी'तून मिळते. शैक्षणिक कर्जाचे गणित अनेक कुटुंबे या वर्षाच्या कमाईवरच मांडतात.

नियम असा की, पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून अधिक झाली, की त्या पातळीवरील पदवीनंतरची ओपीटी मिळत नाही. आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम म्हणजे पूर्णवेळ. आता १६ महिन्यांची इंटर्नशिप आठवा. ती सगळी पूर्णवेळ सीपीटीत गेली, तर पदवी हातात पडते आणि काम करण्याचा मार्ग बंद होतो. अमेरिकी विद्यार्थ्याला हा प्रश्न पडतच नाही. म्हणून माहितीपत्रकात तो ठळकपणे दिसण्याची अपेक्षाही धरू नये.

भारतात परतल्यावर?

कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, म्हणजे खेळ इथे नवा नाही. महाराष्ट्रात चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, येरवड्याचे पूना गोल्फ क्लबचे मैदान, सिडकोने खारघरमध्ये उभारलेले मैदान अशी ठिकाणे आहेत. पण देशातील बरीच मैदाने लष्कराची किंवा सभासदांच्या समित्यांची. वरच्या जागा थोड्या, आणि अमेरिकेतील डॉलरमधले कर्ज इथल्या पगारावर फेडणे जड जाते.

हिरवळ राखण्याच्या कामात रस असेल, तर इथली कृषी पदवी आणि त्यावर पेन स्टेटचा ऑनलाइन टर्फग्रास अभ्यासक्रम हा कमी खर्चाचा पर्याय आहे.

प्रवेशापूर्वी हे विचारा

• परदेशी विद्यार्थ्याच्या इंटर्नशिपचे किती महिने पूर्णवेळ सीपीटीत धरले जातात?
• काही इंटर्नशिप भारतातील क्लबमध्ये करता येईल का?
• पदवीनंतर संघटनेचे सदस्यत्व परदेशी नागरिकाला कोणत्या अटींवर मिळते?
• नोकरी मिळालेल्यांच्या आकड्यात परदेशी विद्यार्थी किती?

ही उत्तरे तोंडी नकोत, ई-मेलवर घ्यावीत. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचे ते कामच आहे. परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांनीही ही बेरीज पालकांसमोर स्वतःहून मांडायला हवी. लाखो रुपयांचे कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला चार महिन्यांचा फरक चौथ्या वर्षी नव्हे, पहिल्या अर्जाआधी कळला पाहिजे.