मोरीचें पाणी जातें कोठें ?

घर बांधावयाचें झालें म्हणजे आपण द्वाराची दिशा पाहतों, देवघर ईशान्येस येतें कीं नाहीं तें पाहतों, पायाभरणीचा मुहूर्तहि पंचांगांतून काढतों. परंतु न्हाणीघराच्या मोरींतून आणि शौचकूपांतून जें पाणी बाहेर पडतें तें पुढें कोठें जातें, हा प्रश्न गवंड्यावर सोंपवून मोकळे होतों. गवंडी तो प्रश्न रस्त्याच्या कडेच्या नालीवर सोंपवितो, आणि नालीला उत्तर देतां येत नसल्यामुळें ती तो प्रश्न उतारावरच्या शेजाऱ्याच्या दारांत नेऊन ठेवते.

विषय निघाला तो असा. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ सध्यां कोहमाऱ्यास वडिलार्जित जागेवर नवें घर बांधीत आहेत. तिघे भाऊ, वृद्ध काकू, मुलेंबाळें असें चौदा माणसांचें एकत्र कुटुंब. त्यांचे चिरंजीव नागपुरास नोकरीस असतात. त्यांनीं आम्हांस विचारलें, “मास्तर, तिकडे घराचें पाणी गटारास जोडावयाचें तर महानगरपालिकेची परवानगी लागते. येथें कोणाची घ्यावयाची ?” प्रश्न साधा होता, पण उत्तर देतां देतां दोन संध्याकाळ गेल्या. त्यांतलें वाचकांच्या उपयोगाचें तेवढें येथें देतों.

प्रथम शहरांचा नियम. मुंबईचा म्युनिसिपल कायदा १८८८ सालचा. त्यांतील गटारांविषयींचीं कलमें वाचतांना एक गोष्ट विशेष लक्षांत येते. घरमालकानें आपली मोरी सार्वजनिक गटारास जोडणें हा त्याचा हक्क म्हणून सांगितला आहे. मात्र लेखी परवानगी घेऊन आणि नेमून दिलेल्या रीतीनें. परवानगीवांचून केलेली जोडणी गुन्हा ठरते. थोडें पुढें गेलें म्हणजे तोच हक्क कर्तव्याचें रूप घेतो. ज्या घरास निचऱ्याची पुरेशी सोय नाहीं, आणि ज्याच्या जागेपासून शंभर फुटांच्या आंत सार्वजनिक गटार आहे, त्या घरमालकास नाली बांधून ती गटारास जोडण्याची सक्ती मूळ कायद्याप्रमाणें आयुक्तांस करतां येते. “माझें घाण पाणी, माझी जागा, तुम्ही कोण ?” असें म्हणण्याची सोय कायद्यानें ठेविली नाहीं.

ही शंभर फुटांची मर्यादा मुंबईच्या कोणा अधिकाऱ्यानें मनानें योजिलेली नव्हे. पटकीच्या सांथींनीं हैराण झालेल्या इंग्लंडांत १८४८ सालीं सार्वजनिक आरोग्याचा जो कायदा झाला, त्यांतहि तीच आढळते. तेथून ती इकडे आली. याच कायद्यांतील आणखी एक तरतूद एकत्र कुटुंबांच्या आणि भाऊबंदकीच्या आपल्या देशांत फारच उपयोगाची आहे. गटारापर्यंत पोंचण्यास शेजाऱ्याच्या जागेंतूनच वाट असेल आणि शेजारी हटून बसला असेल, तर त्याचें म्हणणें ऐकून घेऊन, त्याच्या जमिनीखालून नळ नेण्यास परवानगी देण्याचा अधिकार आयुक्तांस आहे. शेजाऱ्याचें नुकसान झाल्यास भरपाई अर्थात् द्यावी लागते.

जोडणीचे जे तांत्रिक नियम, त्यांत उताराचा नियम गृहस्थानें स्वतः समजून घ्यावा, कारण फसवणूक बहुधा तेथेंच होते. जुन्या स्थापत्यकारांनीं ठरविलेलें प्रमाण ध्यानांत ठेवण्यास सोपें आहे : चार इंची नळास चाळीस फुटांत एक फूट उतार, सहा इंचीस साठ फुटांत एक, नऊ इंचीस नव्वदांत एक. इंचांच्या दसपट लांबी, हें सूत्र. उतार कमी पडला तर गाळ नळांत बसतो. दुसरी गोष्ट ‘ट्रॅप’. नळास दिलेल्या वळणांत सदैव थोडें पाणी उभें राहतें, आणि तें उभें पाणीच गटारांतील दुर्गंधी वायूस घरांत येऊं देत नाहीं. कित्येक घरांत कोपऱ्यांतील न वापरलेल्या मोरीस वास येतो, त्याचें कारण तें पाणी सुकलेलें असतें. आठवड्यांतून एक तांब्या पाणी ओतलें कीं वास जातो. तिसरी गोष्ट पावसाच्या पाण्याची. पागोळ्यांचें पाणी मैल्याच्या गटारांत सोडूं नये, असा नियम आहे. तो मोडला म्हणजे पहिल्याच मोठ्या पावसांत गटार तुंबून खालच्या आळींतील न्हाणीघरांतून उलटें वर येतें. ज्यानें चूक केली त्याच्या घरांत मात्र तें येत नाहीं. तो वर राहतो.

हे सारे नियम पाश्चात्यांचे, आपल्यांत असलें कांहीं नव्हतें, अशी समजूत सुशिक्षितांतहि आहे. कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०९ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्र्यांनीं छापून प्रसिद्ध केल्यापासून तरी ती राहूं नये. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत गृहवास्तूचें प्रकरण आहे. घराचें पाणी वाहून नेणारा मार्ग पुरेशा उताराचा असावा, शेजाऱ्याच्या भिंतीपासून अमुक इतका दूर असावा, आणि त्यांतून पाणी अखंड वाहावें किंवा नीट खालीं पडावें, असें तेथें सांगून, न पाळणाऱ्यास चोपन्न पणांचा दंड सांगितला आहे. उकिरडा, पाण्याची मोरी, विहीर यांची जागाहि ठरवून दिली आहे. अपवाद एकच, बाळंतिणीसाठीं दहा दिवसांपुरता खणलेला खड्डा. दंडविधान लिहितांना ज्याला सूतिकागृह आठवलें, त्या ग्रंथकाराला संसाराची माहिती चांगलीच असली पाहिजे ! रस्त्यावर चिखलपाणी सांचूं देणाऱ्यासहि दंड आहे, आणि राजमार्गावर तो दुप्पट. मनूनेंहि राजमार्गावर मल टाकणाऱ्यास दोन कार्षापण दंड सांगून वर ती जागा त्यानेंच तत्काळ स्वच्छ करावी असें म्हटलें आहे. वृद्ध, गर्भिणी व बालक यांस दंड नाहीं, शब्दानें समज मात्र द्यावी. आमच्या मतें मनूच्या या आज्ञेंतील दुसरा भाग पहिल्याहून अधिक परिणामकारक आहे. पैसे भरणारे पुष्कळ मिळतात, हातीं फावडें घेणारे मिळत नाहींत.

आतां कोहमाऱ्याकडे वळतों. नागपूरहून भंडाऱ्यावरून रायपुराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि गोंदियाकडून येणारी सडक येथें मिळतात. त्यामुळें गांव ग्रामपंचायतीचें असलें तरी सडकेच्या कडेनें दुकानें, उपाहारगृहें आणि पक्कीं घरें वाढत आहेत. भुयारी गटार नाहीं. मग शंभर फुटांचा नियम येथें निरर्थक नव्हे काय ? नव्हे. ज्या कायद्यांत तो आहे त्याच कायद्यांत पुढें सांगितलें आहे कीं, गटार शंभर फुटांच्या आंत नसेल तर घरमालकानें आपल्या मैलापाण्याची सोय झांकलेल्या कुंडांत करावी. म्हणजे गटार नसल्यानें जबाबदारी संपत नाहीं, उलट ती पूर्णपणें आपल्या अंगणांत येते. खेड्यांत इमारतीची परवानगी १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखालीं पंचायतीकडे मागावयाची असते, आणि गांवची स्वच्छता हें पंचायतीचें कर्तव्य त्याच कायद्यांत लिहिलेलें आहे. तेव्हां चिरंजिवांच्या प्रश्नाचें उत्तर, परवानगी पंचायतीची, आणि नियम विज्ञानाचा.

सेप्टिक टँकेचे नियम थोडक्यांत असे. रुंदी निदान पाऊण मीटर, पाण्याच्या पातळीखालीं खोली निदान एक मीटर, पाणी मावण्याची जागा निदान एक घनमीटर, आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. टांकींत मैला कुजतो, गाळ तळाशीं बसतो. जें पाणी बाहेर पडतें तें दिसावयास निवळ असलें तरी रोगबीजांनीं भरलेलेंच असतें. तें शोषखड्ड्यांत मुरवावयाचें. हा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून अठरा मीटर, म्हणजे सुमारें साठ फूट, आणि राहत्या घरापासून निदान सहा मीटर दूर हवा.

येथेंच आमच्या गृहस्थांची गाडी अडली. त्यांच्या स्वतःच्या विहिरीपासून साठ फूट, आणि मागच्या शेजाऱ्याच्या विहिरीपासून साठ फूट, असें दोरी लावून पाहिलें, तर परसांत अशी जागाच निघेना. गवंड्याचें मत स्पष्ट होतें : “टांकीचें पाणी नालीत सोडा, सारं गांव सोडते.” सारें गांव सोडतें हें खरें, म्हणूनच नालीस वास येतो आणि डांसांस अन्न मिळतें. शेवटीं दोरी घराच्या पुढच्या अंगणांत, नेमकी तुळशीवृंदावनाच्या बाजूस जाऊन पोंचली. घरांत दोन दिवस अबोला. पुढच्या अंगणांत, तुळशीजवळ, असलें कुंड ! थोरले भाऊ म्हणाले, “मागच्यांची विहीर तर त्यांची ते पाहतील.” तेव्हां काकूंनीं, ज्यांचें सोवळें घरांत सर्वांत कडक, विचारलें, “आणि आपल्या विहिरीचं पाणी देवाला घालायचं, त्याचं काय ?” वृंदावन पूर्वेच्या कोपऱ्यांत हलविण्याचें ठरलें. आम्हीं या निर्णयांत एक शब्दहि घातला नाहीं, आणि घातला असता तर त्या शब्दास काकूंच्या प्रश्नाची किंमत आली नसती.

आमच्या भागांतील जमिनीचीहि एक अडचण आहे. हा तळ्यांचा आणि धानाचा मुलूख. पावसाळ्यांत बांध्या पाण्यानें भरतात आणि विहिरींचें पाणी वर चढतें. ज्या खड्ड्यांत उन्हाळ्यांत पाणी झपाट्यानें मुरतें, तोच श्रावणांत तुडुंब असतो. म्हणून खड्डा खोल करण्यापेक्षां उथळ व ऐसपैस करावा, आणि त्याचा तळ भूजलाच्या पावसाळी पातळीच्या बराच वर राहील असें पाहावें. मोरीचें साधें पाणी निराळें ठेविल्यास टांकीवरचा भारहि कमी होतो. नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णी या गांवानें घरोघर शोषखड्डे करून उघड्या नाल्या बंद केल्या व डांस हटविले, याची कीर्ति राज्यभर झाली आहे.

कित्येक ग्रामस्थ म्हणतात, शहरासारखें भुयारी गटार आणा. आम्हांस ती मागणी विचाराची वाटत नाहीं. गटारांतून मैला वाहून नेण्यास पाणी भरपूर लागतें. ज्या शहरांत भुयारी गटार आहे तेथें दर माणशीं दररोज १३५ लिटर पाणी धरतात. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन योजनेचें खेड्यांसाठींचें माप ५५ लिटरांचें आहे. इतक्या पाण्यावर गटार वाहणार नाहीं, तुंबेल. शिवाय गटार हें प्रश्नाचें उत्तर नसून केवळ वाहन आहे. नागपुरांत गटारें आहेत; तरी नाग नदीचें मैलें पाणी कन्हानमार्गें वैनगंगेस मिळून गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोंचतें. शुद्ध केलेलें पाणी कोराडीच्या वीजकेंद्रास देण्याची नागपूरची योजना मात्र प्रशंसनीय आहे.

आतां जी गोष्ट घराघरांत बोलली जात नाहीं ती बोलतों. टांकी भरते. ती कोण उपसतो ? मागच्या पिढीपर्यंत वाड्यामागें एक अरुंद बोळ असे, आणि त्या बोळांतून कोण येतो-जातो याकडे पाहावयाचें नाहीं, अशी आपली रीत होती. आपलें शौच इतरांच्या अशौचावर उभें होतें, हें कबूल केलें पाहिजे. कोंकणांत आप्पासाहेब पटवर्धनांनीं ब्राह्मण असून मैला साफ करण्याचें काम स्वतः हातीं घेतलें. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत तें काम करूं द्यावें म्हणून त्यांनीं उपोषण आरंभिलें, आणि गांधीजींनीं त्यांच्यासाठीं स्वतः अन्न सोडलें. पुढें १९४८ सालीं कणकवलीजवळ गोपुरी येथें आश्रम काढून शौचकूपांच्या सुधारणेचे प्रयोग त्यांनीं चालविले. २०१३ च्या कायद्यानें मनुष्यास संरक्षक साधनांवांचून गटारांत किंवा सेप्टिक टँकेंत उतरविणें हा गुन्हा ठरविला आहे, आणि तो खाजगी घरमालकासहि लागू आहे. टांकींतील वायु दिसत नाहीं; एक उतरतो, तो वर येईना म्हणून दुसरा उतरतो, आणि दोघेहि जातात. अशा मृत्यूंबद्दल द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दहा लाख ठरविली होती, ती २०२३ सालीं तीस लाख केली. चारशें रुपये वांचविण्यासाठीं माणूस उतरविणाऱ्यांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा.

यंत्राच्या टँकरनें उपसा केला तरी तो टँकर पुढें कोठें रिता होतो, हें विचारावें लागतें. रात्रीं एखाद्या नाल्यांत ओतून आला तर आपण मोरीपासून पुन्हां मोरीशींच आलों. वाईस २०१८ च्या सुमारास नगरपरिषदेनें प्रत्येक घराची टांकी तीन वर्षांनीं पाळीनें उपसण्याची व तो गाळ शुद्धीकरण केंद्रांत नेण्याची व्यवस्था केली. टांकी तुंबेपर्यंत वाट पाहावयाची नाहीं, पाळी आली कीं गाडी येते. नाशिक जिल्ह्यांतील सिन्नरनेंहि हीच पद्धति स्वीकारली. एकट्या कोहमाऱ्यास असें केंद्र परवडणार नाहीं; परंतु सडक-अर्जुनीची नगरपंचायत आणि आसपासच्या ग्रामपंचायती मिळून एक गाडी व एक केंद्र चालवूं शकतील. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत हा ठराव मांडावयाचें आमच्या परिचित गृहस्थांनीं कबूल केलें आहे. अनुमोदनास आणखी चार घरें हवींत; नांवें अजून मिळावयाचीं आहेत.