निःपक्षपातीपणाचा दाखला बाईनेच का द्यायचा?

"न्यायाधीश बाई आहे, म्हणजे निकाल बायकांच्याच बाजूने" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांसाठी ही पोस्ट.

कॉन्स्टन्स बेकर मोटली. १९६६ साली अमेरिकेत फेडरल न्यायाधीश झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. त्याआधी वकील म्हणून सुप्रीम कोर्टात १० खटले लढवले, ९ जिंकले. जेम्स मेरेडिथला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तो खटलाही त्यांनीच लढवला.

१९७५ मध्ये एका बड्या लॉ फर्मवरचा स्त्री-पुरुष भेदभावाचा खटला त्यांच्यासमोर आला. फर्म म्हणाली, तुम्ही बाई, त्यात भेदभावाविरुद्ध लढलेल्या. हा खटला सोडा. मोटलींनी साफ नकार दिला. त्यांचा मुद्दा साधा होता: लिंग, वर्ण आणि आधीची वकिली एवढ्यावरून न्यायाधीश बाद होणार असेल, तर या कोर्टातला एकही न्यायाधीश उरणार नाही. कारण स्त्री किंवा पुरुष तर प्रत्येकजण असतोच!

आता मला सांगा, अशा खटल्यात पुरुष न्यायाधीशाला कोणी म्हणतं का, "साहेब, तुम्ही पुरुष, तुम्ही उठा"? पुरुष आपोआप तटस्थ आणि बाई जन्मतः पक्षपाती, हा हिशेबच मला पक्षपाती वाटतो.

निकाल पटला नाही? निकालपत्र वाचा, चूक दाखवा, अपील करा. पण न्यायाधीशाचं बाईपण काढू नका.