यादीत नसलेले माणूस

संगणकाचा विषय निघाला की आमच्या वाचकांपैकी वडील मंडळी पान उलटतात, आणि तरुण मंडळी "यात आम्हांस नवे ते काय सांगणार?" असे म्हणून तेच करतात, हे आम्ही जाणून आहो. तथापि या महिन्यात दोन्ही पक्षांस थोडा वेळ थांबण्याची आमची विनंती आहे. विषय दिसावयास लहान आहे. वेबपानावर एका चौकटीस बोट लावले असता खाली उलगडणारी जी पर्यायांची यादी असते, जीस व्यवहारात ड्रॉपडाउन म्हणतात, तीत नवे पर्याय कसे घालावे, एवढाच तो आहे. आम्ही तीस सोयीसाठी 'निवडयादी' म्हणू.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने जाताना यवत मागे पडले की दौंड तालुक्यातील भांडगाव लागते. तेथे आमच्या एका स्नेह्यांचे एकत्र कुटुंब राहते. गेल्या दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा घरात कुलवृत्तान्ताच्या नव्या आवृत्तीची धांदल चालली होती. पूर्वी असे काम एखादे निवृत्त गृहस्थ अंगावर घेत, नातलगांस शेकडो पोस्टकार्डे पाठवीत, आणि आलेली उत्तरे वहीत उतरून घेत. या घरी ते काम धाकट्या सूनबाईंकडे आले होते. त्या पुण्यातील एका कचेरीचे काम बहुतांशी घरूनच करतात. त्यांनी एक वेबपान तयार करून त्याचा पत्ता सर्व शाखांस कळविला होता. माहिती भरणाऱ्याने आपले नाव लिहावे, आणि जिल्हा, तालुका, गाव व कुटुंबप्रमुखाशी नाते ही चार उत्तरे निवडयाद्यांतून निवडावी, अशी योजना होती.

घरातील आत्याबाईंनी ही माहिती सर्वांच्या अगोदर भरावयास घेतली. त्यांनी लग्न केले नाही. शाळेत शिक्षिकेची नोकरी करून, धाकटे बंधू अकाली गेल्यावर, त्यांनी तिघा भाच्यांची शिक्षणे आपल्या पगारातून केली. त्यांपैकी थोरले भाचे आज कुटुंबप्रमुख आहेत. आत्याबाईंनी नाव लिहिले, गाव निवडले, आणि चौथ्या चौकटीपाशी त्या थांबल्या. यादीत पत्नी, मुलगा, मुलगी, सून, नातू, नात, आई, वडील आणि भाऊ एवढीच नाती होती. त्यांनी यादी दोनदा वरखाली केली. काहीच न निवडता पुढे जाऊ पाहिले, तेव्हा 'कृपया योग्य पर्याय निवडा' अशी तांबडी अक्षरे उमटली. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या यादीत मी नाही गं. राहू दे. माझ्या नावावाचून काही अडणार नाही."

सूनबाईंचा चेहरा उतरला. ती यादी त्यांनी स्वतः विचारपूर्वक केली नव्हती. कोठल्याशा तयार अर्जावरून ती जशीच्या तशी उचलली होती. "आत्याबाई, तुम्ही पाच मिनिटे बसा," असे म्हणून त्या आपल्या यंत्रापाशी गेल्या. आम्हीही कुतूहलाने त्यांच्या मागे गेलो, आणि तेथे जे पाहिले ते वाचकांस सांगतो.

निवडयादीतील प्रत्येक पर्यायास दोन अंगे असतात. एक वाचणाऱ्यास दिसणारे नाव, आणि दुसरे आत दडलेली खूण, जी माहितीबरोबर पुढे पाठविली जाते. ज्यांनी वेबपाने लिहिली आहेत ते या पर्यायास 'ऑप्शन' आणि यादीस 'सिलेक्ट' म्हणतात. पर्याय थोडे व कायमचे असतील तर ते पानातच लिहून ठेवता येतात. परंतु यादी प्रसंगानुसार बदलावयाची असेल तर जावास्क्रिप्टची मदत घ्यावी लागते. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीसाठी सुमारे दहा दिवसांत रचली. पान उघडल्यानंतरही त्याच्या रचनेत फेरफार करण्याची शक्ती तीत आहे. नवा 'ऑप्शन' घडवावा, त्यास नाव व खूण द्यावी, आणि तो 'ॲड' या आज्ञेने यादीस जोडावा, एवढाच विधी. कोणत्या पर्यायाच्या आधी तो बसवावयाचा हेही सांगता येते. न सांगितल्यास तो शेवटी जाऊन बसतो.

गावांच्या यादीस हा विधी अपरिहार्यच आहे. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. ती सर्व एका यादीत घातली तर आपले गाव शोधता शोधता माणूस दमून जाईल. म्हणून सातबारा पाहण्याच्या सरकारी स्थळावर असते त्याप्रमाणे आधी जिल्हा, मग तालुका, मग त्याच तालुक्याची गावे, असा क्रम ठेवतात. तालुका बदलला की स्क्रिप्टने गावांची जुनी यादी रिकामी करावी, 'गाव निवडा' ही पहिली ओळ तेवढी राखावी, आणि नव्या तालुक्याची गावे एकेक करून जोडावी. नवशिके रिकामे करण्याची पायरी विसरतात, आणि मग दौंडच्या गावांखाली इंदापूरची गावे येऊन बसतात. येथे तर घोटाळा दुप्पट, कारण भांडगाव नावाचे गाव इंदापूर तालुक्यातही आहे! दिसणारे नाव दोहोंचे एकच. त्यांस वेगळे ठेवते ती आतली खूण. म्हणून नावावर विसंबू नये, प्रत्येक गावास स्वतंत्र क्रमांक द्यावा.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. गावांची नावे दूरच्या यंत्राकडून मागवावयाची असतात, आणि खेड्यातील जाळे कधी मंद असते. कोणी आधी शिरूर निवडले आणि लगेच मन बदलून दौंड केले, तर शिरूरची गावे उशिरा येऊन दौंडच्या यादीत घुसतात. यास उपाय असा की आलेली नावे जोडण्यापूर्वी 'अजूनही हाच तालुका निवडलेला आहे काय?' हे स्क्रिप्टने तपासावे, आणि नसल्यास ती सोडून द्यावी.

क्रमाचीही एक गंमत आहे. संगणकास नुसते 'क्रम लाव' म्हटले तर तो अक्षरांच्या आपल्या आतल्या क्रमांकांप्रमाणे लावतो. त्यात ळ हे अक्षर ल च्या पाठोपाठ येते, आपल्या वर्णमालेप्रमाणे ह च्या नंतर नव्हे. त्यामुळे 'कळस' हे नाव 'कवठे' याच्या आधी दिसते, आणि बाळबोध वळणाची वडील मंडळी ते शेवटी शोधत राहतात. तुलना मराठीच्या रीतीने करावी असे संगणकास सांगण्याची सोय आहे. तिचा उपयोग करावा.

यादी एकदा केली म्हणजे झाली, असेही नाही. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा जिल्हे २६ होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा निघाला आणि ते ३६ झाले. उस्मानाबादचे धाराशिव २०२३ साली झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ साली. ज्याने खूण म्हणून क्रमांक ठेवला असेल त्यास केवळ दिसणारे नाव बदलावे लागते, आणि जुन्या नोंदी शाबूत राहतात. ज्याने नावालाच खूण केले असेल त्याच्या दप्तरात एकाच जिल्ह्याची दोन खाती होतात.

आता पुन्हा आत्याबाईंकडे वळू. सूनबाईंनी नात्यांची यादी पानातून काढून एका वेगळ्या तक्त्यात ठेवली, आणि स्क्रिप्टने त्या तक्त्यावरून पर्याय घडवावे असे केले. पुढे नवे नाते घालावयाचे तर तक्त्यात एक ओळ वाढविली की पुरे. 'आत्या' ही ओळ त्यांनी पहिल्याने घातली. काम पाच मिनिटांतच झाले. परंतु त्या तेथे थांबल्या नाहीत, याचेच आम्हांस कौतुक वाटले. माजघरात येऊन त्यांनी सर्वांस विचारले, "आणखी कोण राहिले आहे?" मग एकेक नाव निघू लागले. दत्तक गेलेले काका, लेकरासह माहेरी परतलेली चुलत बहीण, पतीच्या मागे तीस वर्षे याच घरात राहिलेली चुलत सासू. तासाभरात यादीत अकरा ओळी वाढल्या. शेवटी त्यांनी 'यात नाही, मी लिहून देते / देतो' असा एक पर्याय जोडला. तो निवडला की शेजारी कोरी चौकट उघडते. तीत आलेला मजकूर पानावर दाखविताना केवळ मजकूर म्हणूनच दाखवावा, पानाच्या रचनेचा भाग होऊ देऊ नये, नाहीतर कोणी खोडसाळ त्यातून आपली स्क्रिप्ट घुसवील, हेही त्यांनी आम्हांस बजावले. शिवाय निवडयादी म्हणजे कुलूप नव्हे. जाणता मनुष्य तीत नसलेली खूणही पाठवू शकतो, म्हणून माहिती स्वीकारणाऱ्या यंत्राने ती पुन्हा तपासलीच पाहिजे.

जुन्या कुलवृत्तान्तांत पुरुषांच्या चरित्रास परिच्छेद आणि मुलींस एखादी ओळ मिळे. ते लिहिणारे दुष्ट नव्हते. त्यांच्या मनातील यादीच तेवढी होती. आज यादी वेबपानावर आली, तरी ती करणाऱ्याच्या मनाबाहेरचे नाव तीत आपोआप येत नाही. उलट एक गोष्ट अधिक कठोर झाली आहे. वहीच्या समासात चार शब्द जास्त लिहिता येत. येथे यादीत नसलेल्या माणसास तांबडी अक्षरे दाखवून परत पाठविले जाते. पर्याय जोडणे हे स्क्रिप्टचे काम आहे, परंतु कोण राहिले हे विचारणे माणसाचे. आमच्या घराघरांतील ज्या मुली व सुना हे शास्त्र शिकत आहेत, त्यांनी पहिले काम करण्यापूर्वी दुसरे करावे, एवढीच आमची सूचना.

संध्याकाळी सूनबाईंनी पान पुन्हा आत्याबाईंपुढे धरले. त्यांनी चष्मा लावला, यादी उघडली, आणि बराच वेळ पाहत राहिल्या. आम्हांस वाटले, त्यांचे डोळे भरून आले असावे. इतक्यात त्या म्हणाल्या, "अगं, 'आत्त्या' काय लिहिलेस? एक त पुरे." सूनबाईंनी हसत हसत तक्त्यातील ती ओळ दुरुस्त केली, आणि आत्याबाईंनी आपले नाते निवडले.