थंड देशात उन्हाळी कासव

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा गुडघेदुखी, मधुमेह आणि मुलांच्या खोकल्याची असतात. गेल्या महिन्यात मात्र एका सेवानिवृत्त गुरुजींनी वेगळाच प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त उत्तर इंग्लंडमध्ये राहतो. सात वर्षांच्या नातवाने वाढदिवसाला कासव मागितले आहे, तेही आफ्रिकेतील लेपर्ड कासव. घरात दीड वर्षाची नातही आहे. गुरुजी विचारतात, "डॉक्टर, कासवापासून मुलांना काही आजार होतो का? आणि तिकडच्या थंडीत ते मुके जनावर जगेल का?"

मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नाही. कासव आजारी पडले तर त्यासाठी तिकडे सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार पशुवैद्य आहेत. परंतु ऊब, प्रकाश, हवा आणि हात धुणे हे विषय आमच्याही रोजच्या कामाचे आहेत. शिवाय हौसेने आणलेल्या प्राण्याचे हाल आणि घरातल्या मुलाचे आजारपण बहुधा एकाच कारणातून येतात. ते कारण म्हणजे पुरती माहिती न घेता केलेली खरेदी.

प्रथम हा प्राणी कोणता ते पाहू. लेपर्ड कासव पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ माळरानांवर राहते. पिवळसर पाठीवर काळे ठिपके असतात, म्हणून बिबट्याचे नाव. दुकानात ते तळहातावर मावते. वाढल्यावर पाठीची लांबी फूट-दीड फूट आणि वजन दहा ते वीस किलो होते, काही ठिकाणची कासवे याहूनही मोठी असतात. आयुष्य पन्नास वर्षांहून अधिक. म्हणजे सात वर्षांच्या मुलासाठी आणलेले कासव त्याच्या साठीपर्यंत त्याच्या घरात राहू शकते. खेळण्याचा हा हिशेब दुकानदार सांगत नाही.

ऊब कशासाठी?

आपले शरीर खाल्लेल्या अन्नातून स्वतःची उष्णता तयार करते. बाहेर बर्फ असो की वैशाख, आतला पारा ३७ अंश सेल्सियसच्या आसपास राहतो. कासवाकडे ही भट्टी नाही. बाहेरची उष्णता हीच त्याची उष्णता. अंग गार पडले की पचन मंदावते, खाल्लेला पाला पोटात तसाच राहतो आणि रोगाशी लढण्याची ताकदही कमी होते. १९७० च्या दशकात इग्वाना जातीच्या सरड्यांवर अमेरिकेत प्रयोग झाले. जंतुसंसर्ग झालेले सरडे आपण होऊन अधिक उबदार जागी जाऊन बसत आणि आपला 'ताप' स्वतः मिळवत. ज्यांना ती ऊब मिळू दिली नाही, त्यांच्यात मृत्यू अधिक झाले. आजारी सरपटणाऱ्या प्राण्याला थंड खोलीत ठेवणे म्हणजे त्याच्या हातातले औषधच काढून घेणे होय.

येथे एक मोठा गैरसमज आहे. इंग्लंडमध्ये पूर्वापार भूमध्य सागराकाठची कासवे पाळली जात. ती हिवाळाभर झोपतात. अठराव्या शतकातील गिल्बर्ट व्हाइट या निसर्ग अभ्यासक धर्मोपदेशकाच्या बागेतले कासव नोव्हेंबरच्या सुमारास जमिनीत स्वतःला गाडून घेत असे. १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने त्या जातींच्या आयातीवर बंदी घातली, पण पेटीत गवत भरून कासव झोपवण्याची जुनी रीत लोकांच्या डोक्यात राहिली. लेपर्ड कासव असे झोपत नाही. त्याला पेटीत घालून गारठ्यात ठेवले तर ते झोपत नाही, मरते.

मग सोय कशी करायची? प्रौढ कासवाला निदान एका लहान खोलीएवढी हिवाळी जागा हवी. काचेची पेटी पिलापुरती ठीक, पुढे ती तुरुंगच ठरते. बागेत लाकडी शेड असेल तर भिंती, छत आणि जमीन या तिन्हींना उष्णतारोधक पत्रे आतून बसवावेत. लोक भिंतींना बसवतात आणि जमीन विसरतात. कासवाचे पोट मात्र चोवीस तास त्या जमिनीला टेकलेले असते. दारातून वारा शिरू नये म्हणून जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा सोडावा.

आतले तापमान सगळीकडे सारखे नको. एका टोकाला दिव्याखाली ३२ ते ३५ अंश, दुसऱ्या टोकाला २२ ते २५ अंश आणि रात्री साधारण १८ अंशांच्या खाली नाही, असा बेत असावा. ऊन आणि सावली यांतले हवे ते कासव स्वतः निवडते. उष्णता नेहमी वरून द्यावी, कारण सूर्य वर असतो. तापणारे दगड जमिनीवर ठेवतात, ते टाळावेत. पोटाखालचा चटका कासवाला वेळेवर कळत नाही आणि भाजून जखमा होतात. थर्मोस्टॅट हवाच. तापमापक भिंतीवर उंच न टांगता कासवाच्या पाठीच्या उंचीवर ठेवावा. खोली किती गरम आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, कासव किती गरम आहे याच्याशी आहे.

खर्च वाचवण्यासाठी काही जण बंद शेडमध्ये रॉकेलचा किंवा गॅसचा हीटर लावतात. ही गोष्ट मी कडक शब्दांत नाकारतो. बंद जागेत जळण पुरते जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. कासवाला पाला घालायला गेलेले मूल तेथेच भोवळ येऊन पडू शकते. आपल्याकडे दार लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपणारी कुटुंबे आणि बंद न्हाणीघरातील गॅस गिझर यांनी जे बळी घेतले, ते याच वायूने. ऊब विजेचीच असावी, जोडणी जाणकार वायरमनकडून करून घ्यावी आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा. तापणारा दिवा सुक्या गवतापासून दूर, साखळीने पक्का टांगलेला असावा.

प्रकाश, म्हणजे ड जीवनसत्त्व

नुसती ऊब देऊन काम भागत नाही. उन्हातील अतिनील किरणांपैकी २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्व बनू लागते. त्यावाचून खाल्लेला कॅल्शियम हाडापर्यंत पोहोचत नाही. कासवाची पाठ हे हाडच आहे. ही किरणे मिळाली नाहीत तर पिलाची पाठ मऊ पडते, पाय वाकतात, ते अंग ओढत चालू लागते. आमच्या भाषेत हा मुडदूस. खिडकीच्या काचेतून ऊन येते, पण ही किरणे काच अडवते. म्हणून खास अतिनील दिवा दिवसाचे बारा तास लावावा लागतो. हा दिवा डोळ्यांना तेजस्वी दिसत राहिला तरी काही महिन्यांत त्याची ती किरणे क्षीण होतात. त्यामुळे उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीला तो बदलावा, विझण्याची वाट पाहू नये. आणि तो उबेच्या दिव्याशेजारीच हवा, कारण त्वचेत सुरू झालेली ही प्रक्रिया पुरी व्हायलाही अंगात ऊब लागते.

आता गुरुजींच्या मुलाने कासव बाजूला ठेवून स्वतःच्या घराकडे पाहावे. इंग्लंडात साधारण ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सूर्य इतका खाली असतो की माणसाच्या त्वचेतही पुरेसे ड जीवनसत्त्व बनत नाही. सावळ्या कातडीला तर ऊन अधिक लागते. १९६० च्या दशकात ग्लासगोच्या डॉक्टरांना मुडदूस पुन्हा दिसू लागला, तो भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांत. २०१६ पासून ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे की शरद आणि हिवाळ्यात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, आणि आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांनी वर्षभर. दीड वर्षाच्या नातीला तर ते रोज द्यावे असाच सल्ला आहे. कासवासाठी महागडा दिवा आणायचा आणि लेकरांना थेंब द्यायला विसरायचे, असा प्रकार होऊ नये.

पाला, पाणी आणि छाती

खाण्याची बाब सोपी आहे. गवत, सुका चारा, रानपाला, वर कॅल्शियमची पूड. फळे, भात, पाव, कुत्र्यामांजराचे खाद्य नको. दिव्याने हवा कोरडी होते. पिले कोरड्या हवेत वाढली तर पाठीवर मनोऱ्यासारखे उंचवटे येतात, म्हणून त्यांना थोडा ओलावा आणि अधूनमधून कोमट पाण्यात बसवणे आवश्यक. परंतु ओल आणि गारठा एकत्र आले की नाक गळू लागते आणि फुप्फुसाला सूज येते. कासवाला खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे त्याचा निमोनिया चिवट असतो. नाकातून फुगे, उघडे तोंड, मान ताणून श्वास ही लक्षणे दिसली की पशुवैद्याकडे जावे. घरातली प्रतिजैविकाची उरलेली गोळी चुरून घालू नये. ती गोळी माणसालाही तशी देऊ नये, हे ओघाने आलेच.

मुलांचे काय?

हा गुरुजींचा खरा प्रश्न. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्याही आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. विषमज्वराचा जंतू याच घराण्यातला. कासवाला त्यांचा त्रास होत नाही, औषधाने ते कायमचे जातही नाहीत. माणसाला मात्र ताप, पोटात कळा आणि जुलाब होतात. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांच्यात जंतू रक्तात उतरू शकतात. मुले लहान कासवे तोंडात घालतात, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणली. तान्ह्या मुलाने कासवाला हातही लावलेला नसतो, तरी मोठ्यांच्या हातांनी आणि कपड्यांनी जंतू त्याच्यापर्यंत पोहोचतात.

म्हणून नियम असे: कासवाला किंवा त्याच्या भांड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याचे टब आणि ताट स्वयंपाकघराच्या मोरीत कधीही धुवू नये. त्याला घरभर, विशेषतः मुले रांगतात त्या जमिनीवर, फिरवू नये. त्याची पापी घेऊ नये. आणि पाच वर्षांखालचे मूल असलेल्या घरात कासव नवे आणूच नये.

माझे मत त्यातच आले. ज्या घरात दीड वर्षाची मुलगी आहे, तेथे आज लेपर्ड कासव आणू नये. नात सहा-सात वर्षांची झाली, शेड बांधण्याची आणि दर हिवाळ्याचे विजेचे बिल भरण्याची ऐपत असली, आणि पुढची पन्नास वर्षे कोण पाहणार याचे उत्तर घरात मिळाले, तर मग विचार करावा. तेव्हाही दुकानातले पिलू घेण्याऐवजी कोणी नकोसे झालेले मोठे कासव सांभाळायला घेणे अधिक पुण्याचे. इंग्लंडच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार पाळीव प्राण्याला योग्य निवारा आणि आहार देणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. 'आम्हाला माहीत नव्हते' हे उत्तर तेथे चालत नाही.

हे वाचून इकडच्या कोणाला हौस सुटू नये म्हणून दोन शब्द. आपल्याकडे वास्तूला लाभदायक म्हणून छुपेपणाने विकले जाते ते बहुधा चांदण्यांची नक्षी असलेले भारतीय तारा कासव. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ मध्ये कडक बंदी आली आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पहिल्या अनुसूचीत घातले. ते घरात ठेवणे हा गुन्हा आहे. कोणाकडे असेल तर शेतात सोडून देऊ नये, वन खात्याला कळवावे.

गुरुजी, नातवाला नाही म्हणणे आजोबांच्या जिवावर येते हे खरे. पण त्याला कारण सांगून नाही म्हणा: बहीण लहान आहे, आणि ज्या प्राण्याला ऊन हवे त्याला आपण अजून ऊन देऊ शकत नाही. सात वर्षांच्या मुलाला हे कळते. तोवर त्याला एखाद्या प्राणिसंग्रहालयात नेऊन मोठे झालेले लेपर्ड कासव दाखवा. तळहातावरचे पिलू पुढे केवढे होते हे डोळ्यांनी पाहिले, की हट्ट निम्मा उतरेल. आणि मुलाला फोन कराल तेव्हा नातीचे ड जीवनसत्त्वाचे थेंब सुरू आहेत का, तेवढे अवश्य विचारा.